अलिबागची ओहोटी: कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर

अलिबागला पहिल्यांदा येणारी मंडळी बहुतेक वेळा सुट्टी बघून दिवस ठरवतात. रविवारी सकाळी निघायचं, अकरा-बारापर्यंत पोहोचायचं, जेवायचं आणि मग किनाऱ्यावर जाऊन किल्ल्यात चालत जायचं, असा बेत असतो. किनाऱ्यावर येऊन बघतात तर किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. मग होडीची चौकशी होते, पाण्यासोबत चार फोटो निघतात आणि गाडी परत फिरते. अलिबागला येऊन ओहोटी न बघता जाणारी अशी माणसं दिसली की मला खरंच हळहळ वाटते. एकच गोष्ट उलट्या क्रमाने करायला हवी होती: आधी तिथी, मग तारीख, मग हॉटेल.

हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

पहिली पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण आपल्या पंचांगातली तिथी म्हणजे चंद्राचंच मोजमाप, म्हणून तिथीवरून भरतीची वेळ तोंडी काढता येते, हे फार थोड्यांना सांगितलेलं असतं. कोकण किनाऱ्यावरचा आणि दुर्गभटक्यांमधला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जी वेळ येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

उदाहरण घेऊ. चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि सकाळी नवाच्या व रात्री नवाच्या सुमाराला ओहोटी. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून ओहोटी दुपारी सव्वादोनला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू होते. रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पाऊणपटीत पंचेचाळीस मिनिटं धरली जातात. त्यामुळे हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. बेत आखायला तो पुरे आहे, पाण्यात उतरायला नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पण त्याआधी तिथीचाच आणखी एक मुद्दा. ओहोटीची वेळ जुळली म्हणजे पाणी पुरेसं हटेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते. ती भांगाची भरती. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीला हिशेबाने दुपारी बाराला ओहोटी येते, वेळ अगदी सोयीची दिसते, पण किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतं. नवखे लोक नेमके इथे फसतात.

मग चांगले दिवस कोणते? ऐन अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते. पहाटे अंधार, संध्याकाळी परतताना अंधार. माझ्या मते द्वितीया ते पंचमी हे चार दिवस उत्तम. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून पाणी चांगलं हटलेलं असतं, आणि ओहोटी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं. दुसरा पर्याय द्वादशी-त्रयोदशीची दुपार, तीन ते पावणेचारचा सुमार. तिथे ऊन सोसावं लागतं.

किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चतुर्थीला सकाळची ओहोटी नवाच्या सुमाराला पडते. देवदर्शनाला निघालेल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचा मेळ कुठला! माघी गणेशजयंतीला त्यामुळे इथे पायी येणाऱ्यांची रीघ लागते. गर्दी नको असेल तर तो दिवस सोडून साधी तृतीया धरा.

दुसरी पायरी: आकडा बघा

तिथीवरून दिवस ठरला की त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ही कोष्टकं काढतो, त्यात मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ असते. अलिबाग जवळच असल्याने फरक थोडा पडतो. मोबाइलवरच्या अॅपमध्ये अलिबागची वेगळी वेळही मिळते.

बहुतेक लोक वेळ बघतात आणि थांबतात. तुम्ही शेजारचा मीटरमधला आकडा बघा. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटी अर्ध्या मीटरच्या खाली येते. भांगाच्या दिवसांत ओहोटीचा आकडा दीड-दोन मीटरच्या घरात राहतो. मी स्वतः एक मीटर ही मर्यादा धरते. ओहोटीचा आकडा एकच्या आत असेल तर पायी निघते, नाहीतर टांगा किंवा होडी. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. सकाळी पाणी छान हटलं म्हणून संध्याकाळी तेवढंच हटेल असं समजू नका. ज्या वेळी जाणार त्याच वेळचा आकडा बघा.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आकडा काहीही असो, पायी जाऊ नका. लाटांचा जोर आणि वारा कोष्टकात लिहिलेला नसतो. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी सुखाचा.

तिसरी पायरी: वेळेत पोहोचणं

सकाळी आठची ओहोटी गाठायची तर आदल्या रात्री अलिबागात असलेलं बरं. मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला लाँचने यायचं आणि तिथून बसने अलिबाग, हा सगळ्यात सुखाचा रस्ता. गाडी सोबत हवी असेल तर २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट आहे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रस्त्याने येणाऱ्यांना पेण-वडखळवरून यावं लागतं आणि शनिवारी सकाळी वडखळच्या आसपास वाहनं तुंबली की ओहोटी वाट बघत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनाही हेच.

चौथी पायरी: पायात काय, हातात काय

मागे पट्टा असलेली रबरी सॅंडल घाला. साधी स्लिपर ओल्या वाळूत रुतते आणि पायातून सुटते. अनवाणी अजिबात नको, कारण वाटेतल्या खडकांना कालवं (एक प्रकारची शिंपली) चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी असते. पायजमा किंवा पॅंट गुडघ्याच्या वर सहज दुमडता यावी. फोन प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत. टोपी आणि प्यायचं पाणी घ्या, वाटेवर सावली नाही. तिकिटासाठी थोडे सुटे पैसे ठेवा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे.

घड्याळ मात्र हाताला बांधा. फोन पिशवीत गेला की वेळेकडे लक्ष राहत नाही.

पाचवी पायरी: उतरण्याआधी दहा मिनिटं थांबा

किनाऱ्यावर पोहोचलात की लगेच निघू नका. ओल्या वाळूत पाण्याच्या कडेला काडी खोचा आणि बघा. पाणी काडीपासून दूर जात असेल तर ओहोटी चालू आहे. काडी पाण्यात गेली तर भरती लागली. कोष्टकापेक्षा हा पुरावा मोठा.

मग तिथल्या माणसांना विचारा. टांगेवाले रोज या वाटेवरून घोडे नेतात, कुठे वाळू भुसभुशीत झाली आहे आणि कुठे खळगा पडला आहे हे त्यांना ठाऊक असतं. “दादा, ओहोटी लागून किती वेळ झाला? चालत कुठल्या अंगानं जाऊ?” एवढं विचारलं की नीट सांगतात. टांगा करायचा नसला तरी सांगतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनी “आता नको” म्हटलं तर निघू नका.

निघायची वेळ: ओहोटीचा तळ गाठण्याच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर या आणि वाट उघडताच चालू लागा. तळाच्या वेळेनंतर तासाभरात तुम्ही परतीच्या वाटेवर असायला हवं. पाणी सुरुवातीला हळू चढतं, त्यामुळे अजून भरपूर वेळ आहे असं वाटतं. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने वाढतं.

सहावी पायरी: चालताना

सरळ चाललं तर पंधरा-वीस मिनिटांची वाट. मला मात्र कधीच एवढ्यात जमलं नाही, कारण बघण्यासारखं सगळं पायाशी असतं.

आधी ओली, सपाट वाळू. तिच्यावर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या छोट्या भोकाभोवती किरणांसारखी पसरलेली. हे इवल्या खेकड्यांचं काम. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाच मिनिटं न हलता बसलात तर ते बाहेर येतात. सावली हलली की क्षणात गायब.

पुढे उथळ पाणी लागलं तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, पडून असू शकते. पाय घासत गेल्याने तिला चाहूल लागते आणि ती निघून जाते. अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. तो फार दुखतो.

किल्ल्याजवळ खडक सुरू होतात. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवू नका, कोरडा खरबरीत दगड निवडा. खळग्यांत अडकलेल्या पाण्यात वाकून बघा. चालणारा शंख दिसला तर तो शंख नसतो, रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. खडकाला चिकटलेला बटबटीत लालसर-तपकिरी गोळा म्हणजे मिटलेलं समुद्रफूल. पाण्याखालचं फूल पाकळ्या पसरून असतं, आणि त्या पाकळ्यांनी ते भक्ष्य पकडतं, कारण फूल म्हणत असलो तरी तो प्राणी आहे. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवा. त्याच्या खालच्या जिवांना उन्हात तासभरही काढता येत नाही. शंख घरी नेऊ नका, रिकामा वाटला तरी. पुढच्या खेकड्याचं ते घर आहे.

सातवी पायरी: किल्ल्यात तास-सव्वा तास

शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या जेमतेम काही दिवस आधी, या किल्ल्याचं काम सुरू करवलं, आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून समुद्रावर हुकमत चालवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परत गेले.

आत शिरण्याआधी दरवाज्यापाशी थांबून तटाच्या दगडांकडे बघा. प्रचंड चिरे एकावर एक रचले आहेत आणि त्यांच्यामध्ये चुना भरलेला नाही. फटीत हात घालून बघा, आत मोकळी जागा लागते. लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. चुन्याने बांधलेली भिंत हा मार एवढी वर्षं सोसू शकली नसती. ओहोटीच्या वेळीच हा तट तळापासून दिसतो, म्हणून घाईने आत जाऊ नका.

आत गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी सिद्धिविनायकाचं देऊळ. ते राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. गणपतीसोबत शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन आहे. शेजारी पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडं पाणी नसतं तर किल्ला लढलाच नसता. मग तटावरून उत्तरेकडे जा, तिथे चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. सगळे जण त्यांना आंग्र्यांच्या तोफा समजून फोटो काढतात. त्यांच्यावरचं लेखन वाचा: इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल. आंग्र्यांचं संस्थान तोवर खालसा झालं होतं, म्हणजे या तोफा इंग्रजांच्या. तिथून पुढे दिसणारी छोटी गढी म्हणजे सर्जेकोट. वेळ असेल आणि मधली वाट उघडी असेल तरच तिकडे जा.

घड्याळात ठरवलेली वेळ झाली की निघा. इथे मला माझी चूक सांगायला हवी. पहिल्या वर्षी मी भाऊ आणि त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले होते. देवळात आरती चालू होती, मुलीला विहिरीतली कासवं बघायची होती, आणि आम्ही पाऊण तास उशिरा बाहेर पडलो. समोर किनारा होता, लोक दिसत होते, पाणी घोट्याएवढं. निम्म्या वाटेवर ते गुडघ्यावर आलं, आणि एका खळग्यात एकदम मांडीपर्यंत. पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून मधल्या सखल भागात भरतं, त्यामुळे कुठे वळावं तेच कळत नाही. पोर भावाच्या खांद्यावर होती आणि पायाखालची वाळू सरकत होती. एक टांगेवाले दादा परतत होते, त्यांनी हाक मारली, “ताई, थांबा तिथंच, पुढं खड्डा हाय.” त्यांनी टांगा वळवून आणला आणि आम्हाला वर घेतलं. पैसे विचारले तर आधी मुलीला टॉवेल द्या म्हणाले. तेव्हापासून मी घड्याळ हाताला बांधते.

तुम्हीच अडकलात, पाणी मांडीच्या वर असेल, तर पोहत किंवा चालत येण्याचा हट्ट करू नका. किल्ल्यात परत जा. तिथे कोरडी जागा आहे, माणसं आहेत, आणि पाणी वाढलं की होड्या येतात. होडी नाही मिळाली तर पुढची ओहोटी बारा तासांनी आहेच. रात्र कंटाळवाणी जाईल, पण तुम्ही सुखरूप असाल.

आठवी पायरी: कोळीवाडा आणि बंदर

किल्ला बघून लोक सरळ जेवायला जातात. तुम्ही पाय धुवा आणि बंदराकडे वळा. ओहोटीला होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या असतात आणि हीच त्यांच्या दुरुस्तीची वेळ. एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा पडतो. कोणी तो खरवडत असतो, कोणी फळ्यांच्या सांध्यांत भर घालत असतो, कोणी रंग देत असतो. पाणी यायच्या आत हे संपवायचं असतं, म्हणून काम चालू असताना गप्पांना बसू नका. जाळ्यावरून चालू नका, जमिनीवर पसरलेलं असलं तरी. फोटो हवा असेल तर आधी विचारा. “मावशी, एक फोटो काढू का?” यावर कधी हो म्हणतात, कधी नाही. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली.

चिखलाच्या कडेला निवट्या बघा. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे, आणि चिखलावर छातीच्या परांवर रेटत चालणारा. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारतात. माशाला जमिनीवर चालताना मी पहिल्यांदा इथेच पाहिलं आणि आजही ओहोटीला बंदरावर गेले की आधी त्यालाच शोधते.

खडकांवर वाकून बायका कालवं काढत असतात, चिखलात तिसऱ्या आणि खुबे ही शिंपली शोधत असतात. हातातल्या लोखंडी हत्याराने कालवाचं वरचं शिंपलं फोडायचं, आतला मऊ जीव डब्यात. तासन् तास कंबर वाकवून हे चालतं आणि डबा भरेपर्यंत पाणी परत आलेलं असतं. बाजारात कालवांचा वाटा महाग वाटला तर हे आठवा आणि घासाघीस करू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. तेव्हा ताज्या पापलेटचा आग्रह धरू नका, सुकी मासळी खा.

जेवण, आणि भरतीपर्यंतचा वेळ

ओहोटी सकाळची असेल तर दुपार मोकळी मिळते. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, ती बघा. १९०४ पासूनची भूचुंबकीय वेधशाळाही इथेच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून सूक्ष्म मोजमापं बिघडू नयेत यासाठी ती कुलाब्याहून अलिबागला हलवली गेली. मुंबईचा कुलाबा वेगळा, हा वेगळा. पण या जिल्ह्याचंच नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.

जेवणात कालवांचं कालवण किंवा तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर सोडू नका. मासे खात नसाल तर वालाची उसळ मागा. उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन जा. हा कांदा गोडसर असतो आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. थंडीत आलात तर कोणाच्या तरी वाडीवर पोपटीचं आमंत्रण मिळतंय का बघा: वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरायच्या आणि मडकं उलटं करून जाळात भाजायचं.

ताजी मासळी घरी न्यायची असेल तर मात्र ओहोटीला बाजारात जाऊ नका. भरतीचं पाणी बंदरात शिरलं की सकाळी कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ उभ्या राहतात, बाहेर थांबलेल्या आत येतात, आणि टोपल्या तेव्हा उतरतात. बर्फाचा डबा घेऊन त्या वेळी धक्क्यावर या.